खोटे-खोटे दुकान, खरा गुणाकार



गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळीतील काही जण पाड्यावरचा आमचा संध्याकाळचा वर्ग पाहायला आले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर मुले साबणाची रिकामी खोकी मांडून बसली होती, चिंचोके मोजून देत होती आणि एकमेकांशी मोठमोठ्याने वाद घालत होती. निघताना एका मावशींनी मला हळूच विचारले, "खेळ छान चाललाय, बाई. पण अभ्यास कधी घेता?" मी म्हणाले, "मावशी, हा तिसरीचा गुणाकारच चालला आहे." त्या हसल्या, पण त्यांचे समाधान झाले नसावे. म्हणून त्यांच्यासाठी आणि तुम्हा सर्वांसाठी हे जरा सविस्तर लिहिते.

दोन मुले, दोन अडचणी

आमचा पाडा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आहे. वर्गात वीसेक मुले येतात, बहुतेक वारली आणि काही कातकरी. दुकानाची कल्पना सुचली ती दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, एकाच आठवड्यात घडलेल्या दोन प्रसंगांमुळे.

पहिला प्रसंग तिसरीतल्या एका मुलीचा. तिचे दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ. 'सात एके सात'पासून 'सात दाहे सत्तर'पर्यंत एका दमात म्हणायची. मी सहज विचारले, "एक पेन्सिल सात रुपयांना. चार घेतल्या तर किती पैसे द्यायचे?" ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "अकरा." तिने सात ऐकले, चार ऐकले आणि बेरीज केली. 'सात चोक अठ्ठावीस' हे ती रोज म्हणत होती, पण त्या शब्दांचा आणि पेन्सिलींचा काही संबंध आहे हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. दोष तिचा नव्हता. ते पाढे मीच पाठ करून घेतले होते.

दुसरा प्रसंग चौथीतल्या एका मुलाचा. पावसाच्या सुरुवातीला जंगलात शेवळे येतात. त्यांच्या जुड्या घेऊन तो आईबरोबर आठवडी बाजारात बसतो. मी माझ्यासाठी आणि शेजारणींसाठी मिळून सात जुड्या घेतल्या. जुडी पंधरा रुपयांना. त्याने बोटेही न मोजता सांगितले, "दोनाचे तीस, चाराचे साठ, सहाचे नव्वद, सात म्हणजे एकशेपाच." दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याच्या पाटीवर १५ × ७ लिहून दिले. पाटी कोरीच परत आली. मी म्हटले, "अरे, कालच तर मला सांगितलंस!" तो म्हणाला, "ते भाजीचं होतं, बाई."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मुलीकडे पाढा होता, पण त्याच्यामागे वस्तू नव्हत्या. मुलाकडे वस्तूंचा हिशेब होता, पण तो कागदावर कसा दिसतो हे त्याला माहीत नव्हते. दोघेही शाळेत 'गणितात कच्चे' ठरले होते.

हे फक्त आपल्याकडे नाही

पुढे वाचनात आले की हा अनुभव जगात इतरांनाही आला आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा कराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी गिऱ्हाईक बनून विचारले की ३५ क्रुझेरोंचा एक, तर दहा नारळांचे किती? त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनाचे २१०, आणखी तिनाचे ३१५ आणि वरच्या एकाचे मिळून ३५०. अगदी आमच्या शेवळेवाल्यासारखे! ही मुले धंद्यावर असताना शंभरातली सुमारे ९८ उत्तरे बरोबर देत होती. तसेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा जेमतेम ३७ बरोबर आली.

अलीकडे, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही तेच दिसले. बाजारात काम करणारी मुले तोंडी हिशेबात तरबेज होती, पण पुस्तकी गणितात अडत होती. आणि शाळेत शिकणारी, बाजारात काम न करणारी मुले बाजारच्या हिशेबात अडत होती.

म्हणजे दोन काठ आहेत आणि मध्ये पूल नाही. आमचे दुकान म्हणजे तो पूल बांधण्याचा एक प्रयत्न.

दुकान मांडले

आजच्या पालघर जिल्ह्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून, आधी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, लहान मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. महागडी साधने न आणता पाने, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंतून शिकवता येते हे त्यांनी दाखवून दिले. आम्हीही तोच मार्ग धरला.

मुलांना सांगितले, घरातली रिकामी पाकिटे आणा. साबणाची खोकी, काडेपेट्या, चहाच्या पुड्या, बिस्किटांचे पुडे आले. तंबाखूच्या पुड्याही आल्या! आपल्या दुकानात तंबाखू विकायची नाही असे ठरले, तेव्हा एकाने विचारले, "मग दुकान चालेल कसं?" चालले.

पैसे असे केले: चिंचोका म्हणजे एक रुपया. बाटल्यांच्या झाकणांवर २ आणि ५ लिहून नाणी बनवली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या म्हणजे दहाच्या नोटा. एकूण खर्च एका मार्कर पेनाचा.

आधी झालेल्या चुका

पहिल्या दिवशी मी गावातल्या दुकानातले खरे भाव लावले: सात, बारा, अठरा. मुले एकेक चिंचोका मोजत बसली. पाऊण तासात तीनच गिऱ्हाइके झाली. शिवाय दुकानदार मीच होते, त्यामुळे हिशेब एकटी मी करत होते आणि मुले नुसते चिंचोके ओतत होती. दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. भाव टप्प्याटप्प्याने वाढवायचे आणि बाईंनी गल्ल्यावर बसायचे नाही.

आता दर खेळात तीन कामे असतात. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक आणि एक मुनीम. गिऱ्हाइकाने वस्तू मागितली की किती पैसे होतील हे आधी गिऱ्हाइकानेच मनात ठरवायचे. मग दुकानदाराने रक्कम सांगायची. दोघांचे जुळले नाही तर मुनीम दोघांनाही वस्तू मांडून दाखवायला लावतो. कामे दर पाच खरेदीनंतर बदलतात. तुम्ही पाहिलेले भांडण मुनिमापुढचे होते. आपलेच बरोबर कसे, हे मूल दुसऱ्याला पटवून देत असते, तेव्हा ते सगळ्यात जास्त शिकते.

भाव कसे वाढवत नेतो

पहिले दोन आठवडे सर्व भाव २, ५ किंवा १० रुपये. एवढ्या किमतीचे नाणे किंवा नोट आपल्याकडे असते, त्यामुळे प्रत्येक वस्तूशेजारी एकच नाणे येते. सहा पेन्सिली, प्रत्येकीशेजारी पाचाचे एक झाकण. 'पाच सहा वेळा' हे मुलाला डोळ्यांनी दिसते. सुट्या पैशांचा व्यवहार इथे ठेवत नाही. गुणाकार आणि वजाबाकी एकदम आली की लहान मुले गोंधळतात.

नंतर ३, ४ आणि ६ रुपये. तीन म्हणजे दोनाचे झाकण आणि एक चिंचोका. चार म्हणजे दोनाची दोन झाकणे. सहा म्हणजे पाचाचे झाकण आणि एक चिंचोका. इथे नियम असा की आधी वस्तूशेजारी पैसे मांडायचे आणि मग सारख्या नाण्यांचे ढीग करून मोजायचे.

या नियमाचा उपयोग ७ रुपयांच्या वस्तूंत दिसला. सात म्हणजे पाचाचे एक आणि दोनाचे एक झाकण. पाढे पाठ असलेली ती मुलगी त्या दिवशी दुकानदार होती. गिऱ्हाइकाने आठ खोडरबर मागितले. तिने आठही वस्तूंपुढे झाकणे मांडली, मग पाचाची आठ एका बाजूला केली: चाळीस. दोनाची आठ दुसऱ्या बाजूला: सोळा. चाळीस आणि सोळा, छप्पन्न. ती क्षणभर थांबली आणि ओरडली, "बाई, हे तर सात आठे छप्पन्न आहे!" इतके दिवस तोंडात असलेला पाढा तिला त्या दिवशी ओट्यावर मांडलेला दिसला. मोठ्या आकड्याचे सोपे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा गुणाकार करायचा आणि शेवटी मिळवायचे, हे पुढच्या इयत्तांतल्या मोठ्या गुणाकाराचे सूत्र आहे. तिला ते कोणी नियम म्हणून सांगितले नाही.

९ रुपयांचे भाव सगळ्यात शेवटी येतात आणि मुलांना सगळ्यात आवडतात. प्रत्येक वस्तूला दहाची एक नोट द्यायची आणि एक चिंचोका परत घ्यायचा. सहा वस्तूंना सहा नोटा, म्हणजे साठ. परत सहा चिंचोके. राहिले चोपन्न. नवाचा पाढा अवघड म्हणून जी मुले मागे राहत, ती इथे पुढे असतात. सुट्या पैशांची ओळखही इथेच होते.

आणखी एक गोष्ट. आपल्या मराठी आकड्यांची नावे मुलांना अवघड जातात. 'चोपन्न' ऐकले की त्यात पाच दहा आणि चार सुटे आहेत हे कानाला कळत नाही. ज्यांच्या घरी वेगळी बोली आहे त्यांना तर अधिकच जड. पण हातात दहाच्या पाच पट्ट्या आणि चार चिंचोके असले की चोपन्न म्हणजे काय हे विचारावे लागत नाही.

"लिहून ठेव"

एक दिवस शेवळे विकणारा तो मुलगा गिऱ्हाईक झाला. त्याने दहा रुपयांचे तीन साबण आणि पाच रुपयांच्या चार मेणबत्त्या घेतल्या. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा समोरच्या दुकानदाराला म्हणाला, "लिहून ठेव." आणि वस्तू घेऊन चालू लागला.

कोणीही हसले नाही. 'आपल्या दुकानात उधारी नाही' असे मी म्हणणार होते, पण शब्द ओठांवरच थांबले. पावसाळ्यात पाड्यावरची बहुतेक घरे किराणा उधारीवरच आणतात. या मुलांनी दुकानात जाऊन रोख पैसे मोजून दिल्याचे प्रसंग थोडे आणि 'आईने सांगितलंय, लिहून ठेव' असे म्हटल्याचे प्रसंग अनेक. मी त्यांना जे दुकान दिले होते ते माझ्या लहानपणीचे होते, त्यांचे नव्हे.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात उधारीची वही आली. तिच्यात पाच रकाने: तारीख, वस्तू, नग, दर, रक्कम. साबण, ३ नग, दर १०, रक्कम ३०. मेणबत्ती, ४ नग, दर ५, रक्कम २०. एकूण ५०. आणि याच वहीने पूल पुरा केला. नग आणि दर यांच्यामध्ये मी एके दिवशी × हे चिन्ह काढले आणि रकमेच्या आधी = काढले. त्या मुलाने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले. म्हणाला, "मग पाटीवरचं पण नग आणि दरच असतं काय?" मी १५ × ७ पुन्हा लिहून दिले. त्याने पाटीच्या कोपऱ्यात ३०, ६०, ९० लिहिले आणि पुढे १०५.

पुढच्या आठवड्यात तो घरची खरी वही घेऊन आला, आईला विचारून. सामान तोच आणत असल्यामुळे काय किती आणले हे त्याला पाठ होते. आम्ही दोघांनी दोन पाने तपासली. हिशेब सगळा बरोबर निघाला. तो थोडा हिरमुसला, चूक सापडेल अशी त्याला आशा होती! त्याची आई मात्र मला म्हणाली, "बरोबर आहे ना? मग झालं. आता पैसे देताना मनात खुटखुट नाय राहायची." खरे माप आणि खरा तराजू यांचे मोल आपण नीतिसूत्रांत लहानपणापासून वाचत आलो आहोत. पण समोरचे माप खरे आहे हे ज्याला स्वतः पडताळता येते, त्याच्या मनाला लाभणारी शांती मी त्या दिवशी त्या माउलीच्या चेहऱ्यावर पाहिली.

दुकान बंद करायचीही वेळ येते

एक सावधगिरी सांगायला हवी. मूल कायम दुकानातच राहिले तर 'ते भाजीचं होतं' हीच अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस दुकान बंद असते आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंनी ये-जा होते. मी ६ × ८ लिहिते आणि मुले त्याची गोष्ट सांगतात: सहा कोंबड्यांनी प्रत्येकी आठ अंडी दिली, आठ रुपयांच्या सहा वह्या घेतल्या, भाताच्या रोपांच्या सहा ओळी आणि प्रत्येकीत आठ रोपे. मग उलट. मी गोष्ट सांगते आणि मुले चिन्हांत लिहितात. गोष्ट दुकानाबाहेरची असली तरी गुणाकार तोच, हे कळले म्हणजे दुकानाचे काम झाले.

आणि पाढे? पाढे आम्ही सोडलेले नाहीत. रोज शेवटची दहा मिनिटे पाढ्यांचीच असतात. दर वेळी झाकणे मांडत बसले तर हिशेब लांबतो, पाढा तो झटकन संपवतो. फरक एवढाच की आता आधी दुकान आणि मग पाढा.

दिवाळीनंतर

शेवळेवाल्या मुलाबरोबर आमच्या हाती फक्त जून ते दिवाळी एवढाच काळ होता. दिवाळी झाली की त्याचे आईवडील वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पावसाळ्यातच भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात आणि खरा हिशेब शेवटी होतो. किती विटा पाडल्या, त्यांचे किती झाले, उचलीतून किती वजा झाले, हे सगळे मुनिमाच्या वहीत.

म्हणून शेवटचा महिना आम्ही दुकानात विटा विकल्या. शंभराची एक थप्पी. दिवसाला आठ थप्प्या, असे सहा दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस थप्प्या, म्हणजे चार हजार आठशे विटा. जाताना मी त्याला एक शंभर पानी वही दिली, रकाने आखून.

पुढच्या जूनमध्ये तो परत आला तेव्हा वहीला मातीचे डाग पडले होते आणि बरीच पाने भरली होती. मी ती वाचली. तीन ठिकाणी गुणाकार चुकले होते, एक आठवडा कोराच होता. मी विचारले, "याचा काही उपयोग झाला का रे?" तो म्हणाला, "बाबा हिशेबाला बसला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. एका आठवड्याला आमच्या वहीत दोनशे विटा जास्त होत्या. मुनिमाने त्याची वही परत बघितली. मग दोनशे वाढवल्या."

दोनशे विटांचे पैसे फार होत नाहीत. त्या कुटुंबाची उचलही त्या वर्षी पुरती फिटली नाही. गुणाकाराने उचल फिटत नाही, हे मी जाणते. पण हिशेबाच्या वेळी त्या घराची स्वतःची वही तिथे होती. अशी वही त्या घरात पूर्वी कधी नव्हती.

तुम्ही काय करू शकता

हा खेळ घरी किंवा संडे स्कूलमध्ये तुमच्या मुलांबरोबर करून पाहा. शहरातली आपली मुले पाढे म्हणतात, पण भाजीवाल्यापुढे उभी केली तर अनेकदा त्या मुलीसारखीच गप्प होतात. सुरुवात २, ५ आणि १० रुपयांच्या वस्तूंनी करा. हिशेब मुलांना करू द्या आणि स्वतः गल्ल्यावर बसू नका.

आमच्यासाठी लहान, स्वच्छ, रिकामी खोकी आणि बाटल्यांची झाकणे जपून ठेवा आणि पाड्यावर येताना घेऊन या. शंभर पानी वह्या मात्र नव्या हव्यात. या वर्षी दिवाळीनंतर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती एक वही द्यावी असे मनात आहे. आणि नोव्हेंबरात, पाड्यावरची दारे एकेक करून बंद होऊ लागतील तेव्हा, भट्टीकडे निघालेल्या या मुलांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा.